मालकंसात पंचम आला कुठून? (भाचीचं गाणं, गिटार आणि गुरुजी)

वडगावची आत्या

नमस्कार मंडळी. इतके दिवस वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. सांभाळून घ्या.

आम्ही बेळगावात वडगावला राहतो. धाकट्या भावाची मुलगी माझ्याकडे शिकायला आहे, इंजिनीअरिंगचं दुसरं वर्ष. नवव्या वर्षापासून शहापुरात एका गुरुजींकडे ख्याल शिकते, म्हणजे यंदा दहा वर्षं झाली. गुरुजी जुन्या वळणाचे. पहिलं सगळं वर्ष त्यांनी तिच्याकडून सा आणि अलंकार याखेरीज काही म्हणून घेतलं नाही. आणि हीच पोर क्लासवरून आली की कानात इअरफोन घालून इंग्रजी पॉप ऐकत बसते. दोन्ही तिला जीवापाड आवडतं, हे मी रोज बघते. एकाचा आव आणि दुसऱ्याची आवड, असं नाही.

गेल्या महिन्यात कॉलेजातली चार मुलं मिळून एक गाणं बसवलं. मालकंसातली मध्यलय त्रितालाची बंदिश, मध्ये हिनंच लिहिलेल्या चार इंग्रजी ओळी, गिटार, कीबोर्ड आणि लॅपटॉपवरचा ठेका. पैसे जमवून एका स्टुडिओत रेकॉर्ड केलं. मला आवडलं. खोटं कशाला बोलू, अंगावर काटा आला.

मग ती ते गुरुजींना ऐकवायला घेऊन गेली. मीही सोबत होते. त्यांनी डोळे मिटून दोनदा ऐकलं आणि म्हणाले, "बाळ, पंचम लागतोय." ही म्हणाली, "नाही गुरुजी, मी लावला नाही." त्यांनी तिसऱ्यांदा ऐकलं. "लागतोय. आणि रिषभपण." एवढंच बोलून फोन माझ्या हातात दिला आणि पुढच्या मुलाला सा लावायला सांगितलं. रागावले असते तर बरं झालं असतं. पोर स्कूटरवर मागं बसून घरापर्यंत रडत आली. त्याला आज दहा दिवस झाले, क्लासला गेलेली नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मालकंसात रिषभ आणि पंचम वर्ज्य. सा, कोमल गंधार, शुद्ध मध्यम, कोमल धैवत, कोमल निषाद, बस्स. दहा वर्षं शिकलेली मुलगी मालकंसात पंचम लावेल, हे मला पटत नाही. स्टुडिओत जायच्या आदल्या रात्री आमच्या माडीवर नुसत्या तानपुऱ्यावर ती हेच म्हणत होती, ते माझ्या फोनवर आहे. त्यात पंचम नाही. लग्नाआधी मी स्वतः गाण्याच्या प्रवेशिका पूर्ण परीक्षेपर्यंत शिकलेय, एवढं मला कळतं. स्टुडिओतलं मात्र पुन्हा ऐकलं आणि गुरुजींचं बरोबर आहे. पंचम आहे.

मग हा आला कुठून? आणि आपलं गाणं नि तिकडचं पॉप एकत्र आणलं की असं होणारच का? तिला थांब म्हणू का?

---

खानापूरचा पाऊस

आत्या, मी सांगतो खरं राग मानू नका. थांब म्हणा.

माझे आजोबा पंढरीचे वारकरी, मी स्वतः पखवाज वाजवतो. आमच्या भागात गेल्या काही वर्षांत भजनी मंडळांत कीबोर्ड आला, मग पॅड आला. आता अभंगाला मागं एकच ठेका दीड तास चालतो आणि म्हणणाऱ्यानं त्याच्या मागं धावायचं. पूर्वी म्हणणारा थांबला की मी थांबायचो, त्यानं "विठ्ठल" लांबवला की मी हात हलका करायचो. मशीन थांबत नाही. मिसळ करताना पहिला बळी जातो तो ऐकण्याचा. तुमच्या गुरुजींनी पंचम ऐकला, तो बाकी कुणाला ऐकू आला का? मला भीती वाटते ती ह्याची.

---

सहा तारा

आत्या, मी कॅम्पातला. चर्चच्या क्वायरमध्ये वीस वर्षं गिटार वाजवतोय, मुलांना शिकवतो. तुमचा राग मला येत नाही, पण गिटार येते. भाची कुठल्या पट्टीत गाते आणि त्या मुलानं कुठले कॉर्ड धरले, एवढं विचारून सांगा. मला एक शंका आहे.

---

वडगावची आत्या

काळी चार. कॉर्ड विचारले, त्यानं कागदावर लिहून पाठवलेत: ई, बी, सी शार्प मायनर, ए. हेच चार फिरून फिरून.

---

सहा तारा

वाटलंच होतं. बसून सविस्तर लिहितो.

हे चार कॉर्ड म्हणजे पॉपचा डाळभात. जगातली शेकडो गाजलेली गाणी ह्या एका साखळीवर उभी आहेत, त्या मुलाचा दोष नाही. काळी चार म्हणजे जी शार्प. तो तिचा सा. आता मोजा. बी कॉर्डमध्ये तीन स्वर असतात: बी, डी शार्प, एफ शार्प. जी शार्पला सा धरलं तर डी शार्प म्हणजे पंचम. ए कॉर्डमधला ए म्हणजे कोमल रिषभ. तुमचे दोन्ही वर्ज्य स्वर तिथं बसलेत, दर फेरीला हजेरी लावून.

पण खरी गडबड त्याच्याही आधीची आहे. त्यानं गाणं "ई मेजर" मध्ये आहे असं धरलं. का धरलं? तिचे पाच स्वर म्हणजे जी शार्प, बी, सी शार्प, ई, एफ शार्प. गिटारवाल्याच्या कानाला हे सरळ ई मेजरचे स्वर. आणि ई हा गिटारवरचा सगळ्यात भरदार कॉर्ड, सहाही तारा गाजतात, जाड तार ई चीच. हात तिकडंच जातो. म्हणजे भाची जी शार्पला घर मानून गातेय आणि मागं गिटार ई ला घर मानून वाजतेय. एकाच घरात दोन उंबरे.

---

पेटीचा भाता

सहा तारा, काय सुंदर पकडलंत! तुम्हाला राग येत नाही म्हणता, पण तुम्ही रागाच्या मर्मावर बोट ठेवलंय. ई म्हणजे तिचा कोमल धैवत. मालकंसातल्या धैवताला सा मानून तेच पाच स्वर म्हटले तर काय होतं? सा रे ग प ध. भूप! मूर्च्छनेचा हा जुना खेळ, आमचे मास्तर पेटीवर करून दाखवायचे. गिटारनं धैवताला सा करून मालकंसाचा भूप केला, आणि वर मुलगी बिचारी मालकंस सांभाळतेय. ऐकणाऱ्याला गोड लागतं, कारण भूप गोडच आहे. पण रात्रीचा तो गंभीर मालकंस गेला.

आता थोडं अवांतर, पण मला राहवत नाही. खानापूरच्या दादांनी मशीनचं लिहिलंय ते मला मान्य आहे, तरी "मिसळ नकोच" म्हणताना आपण आपल्याच बैठकीकडे बघावं. माझी पेटी कुठली? पॅरिसची. १८४२ मध्ये दबँ नावाच्या फ्रेंच कारागिरानं पेटंट घेतलं, ते वाद्य मिशनऱ्यांबरोबर इकडं आलं, पायाचा भाता जाऊन हाताचा झाला आणि आज पेटीवाचून आपलं भजन उभं राहत नाही. बालगंधर्वांच्या पदांमागं ऑर्गन वाजायचा, तो तर थेट चर्चमधला. आकाशवाणीनं १९४० साली पेटीवर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत चालली. का? पेटीला मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं) नाही, आणि तिचे बारा स्वर समान अंतरावर ठोकून बसवलेले. तानपुऱ्यात सहज ऐकू येणारा शुद्ध गंधार सा पासून ३८६ सेंटवर असतो (सप्तकाचे १२०० धरले तर), पेटीचा ४०० वर. चौदाचा फरक. तयार कानाला टोचतो तो.

आणि ही तक्रार पहिल्यांदा सोडवायला बसलेली माणसं आपल्याच पंचक्रोशीतली. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल, क्लेमेंट्स नावाचे इंग्रज न्यायाधीश आणि गायला मिरजेचे अब्दुल करीम खाँसाहेब. तिघांनी मिळून श्रुती (सप्तकातल्या स्वरांच्या बारीक जागा) मोजल्या आणि त्यावरून बावीस श्रुतींची हार्मोनियम बनवून घेतली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावर टीका झाली, ती रुजली नाही. आमच्या काळात डॉ. विद्याधर ओकांनी पुन्हा तो ध्यास घेतला.

मग बंदी असताना पेटी जगली कशी? हातातून जगली. बेळगावचे पेटीवादक रामभाऊ विजापुरे ज्यांनी ऐकले असतील त्यांना सांगायला नको. स्वर तेच ठोकलेले, पण टोचणाऱ्या स्वरावर बोट ठेवायचं किती वेळ आणि भाता दाबायचा किती, ह्यात सगळं. गायकाच्या मींडेच्या वेळी पेटीवाला गप्प बसतो. कधी वाजवायचं नाही, हे ज्याला कळलं तो खरा साथीदार. त्या गिटारवाल्या पोराला नेमकं हेच कुणी सांगितलेलं नाही.

---

निपाणी एक्स्प्रेस

धागा वाखुसा (वाचनखूण साठवली). एकाच धाग्यात मालकंस आणि ई मेजर!

मी शास्त्रीय शिकलेली नाही, ऐकणारी आहे. पण ह्या वाटेनं आधी कोण कोण गेलं ते भाचीला कळावं म्हणून लिहिते.

शीला चंद्रा. दक्षिण भारतीय कुळातली लंडनची मुलगी. १९८२ मध्ये 'मॉन्सून' नावाच्या बँडबरोबर तिनं 'एव्हर सो लोनली' म्हटलं, ते ब्रिटनच्या यादीत बाराव्या क्रमांकापर्यंत गेलं. मागं सतार, तबला आणि वर पॉपची चाल. तेव्हा ती सोळा-सतरा वर्षांची, म्हणजे तुमच्या भाचीहून लहान. मला जास्त मोलाचं वाटतं ते तिनं पुढं केलेलं. हळूहळू तिनं ढोल काढले, कॉर्ड काढले. १९९२ चा 'वीव्हिंग माय अँसेस्टर्स व्हॉइसेस' ऐका: नुसता गळा आणि खाली एक लांबच लांब अखंड सूर. आयर्लंडची, स्पेनची, आपल्याकडची गाण्याची ढब एकाच श्वासात, आणि कुठंही ठिगळ वाटत नाही, कारण खालचा सूर जागचा हलत नाही. पुढं तोंडाची जळजळ होण्याच्या आजारानं तिचं गाणं बंद पडलं, ह्याचं मला आजही वाईट वाटतं.

दुसऱ्या शुभा मुद्गल. त्यांना कुमार गंधर्वांकडे शिकायला मिळालं, आणि कुमारजी म्हणजे आपल्या सुळेभावीचे, बेळगावपासून हाकेच्या अंतरावर. १९९६ ला 'अली मोरे अंगना', १९९९ ला 'अब के सावन'. ते दुसरं टीव्हीवर लागायचं तेव्हा मी शाळेत होते, आमच्या घरात दोन तट पडले. बाबा म्हणायचे ख्याल गाणाऱ्या बाईनं हे का करावं. आजी म्हणायची, आवाज बघ, तोच आहे की. माझं मत आजीच्या बाजूनं. बंदिशीत जो गळा खुला लागतो तोच त्या पावसाच्या गाण्यात खुला लागलाय. माईकसाठी त्यांनी तो बारीक केला नाही.

तिसरं, हरिहरन आणि लेझली लुईस, १९९६ चा 'कलोनियल कझिन्स'. त्यातलं 'कृष्णा' आठवा. 'कृष्णा नी बेगने बारो' ही व्यासतीर्थांची कानडी रचना, यमनकल्याणच्या अंगाची, आणि तिच्यात इंग्रजी ओळी. आमच्या निपाणीत मराठी घरांतून पोरं ते कानडी पद पाठ म्हणायची, अर्थ शेजारच्या काकूंना विचारून. यमनसारख्या सात स्वरांच्या रागात कॉर्डना बसायला जागा आहे. मालकंसात पाचच स्वर, त्यात पंचम नाही. गिटारसाठी सगळ्यात अवघड राग निवडलाय पोरांनी.

---

खानापूरचा पाऊस

निपाणी एक्स्प्रेस, रात्री शीला चंद्रा ऐकली. दोनदा ऐकली. पखवाजाची आठवण एकदाही आली नाही, हे मी कबूल करतो.

खरं माझा मुद्दा तसाच आहे. ती एकटी बसून वर्षानुवर्षं शोधत राहिली. कॉलेजातली पोरं दोन आठवड्यांत बसवतात आणि तिसऱ्या आठवड्यात टाकतात.

---

चिकोडीची बाई

मी हायस्कूलला कानडी शिकवते, घरी मराठी. दोन आठवडे की वीस वर्षं हा प्रश्न बरोबर आहे, पण सुरुवात दोन आठवड्यांनीच होते ना दादा?

आपल्या मातीत मिसळ नवी नाही. अण्णासाहेब किर्लोस्कर सौंदत्ती भागातल्या गुर्लहोसूरचे. १८८० साली पुण्यात 'शाकुंतल' उभं केलं तेव्हा त्यात कर्नाटकी चालीही घेतल्या. अब्दुल करीम खाँसाहेबांनी कर्नाटक संगीत मन लावून ऐकलं आणि सरगम गाण्याचा तो ढंग किराणा घराण्यात आणला. मल्लिकार्जुन मन्सूरअण्णा एका बैठकीत जयपूर घराण्याचा अनवट राग गायचे आणि शेवटाला अक्कमहादेवीचं वचन. आम्ही बाजारात कानडी, देवघरात मराठी बोलतो, आणि एकाही भाषेचं व्याकरण त्यामुळं मोडत नाही. व्याकरण मोडतं ते एका भाषेचे प्रत्यय दुसरीला लावले की. त्या मुलांनी मालकंसाच्या धातूला ई मेजरचा प्रत्यय लावला, एवढीच चूक.

त्या चार इंग्रजी ओळी कशा आहेत? त्याबद्दल कुणी विचारलंच नाही.

---

वडगावची आत्या

बाई, ओळी चांगल्या आहेत. तिच्या आज्जीवर आहेत, माझ्या आईवर. आई गेल्या वर्षी गेली. रात्री तिला झोप यायची नाही तेव्हा ही उशाशी बसून मालकंस म्हणायची. राग तिनं उगाच निवडलेला नाही.

सगळ्यांचे प्रतिसाद तिला वाचून दाखवले. कॉर्डचं लगेच पटलं. पण तिचा एक प्रश्न आहे, तो मलाही पडलाय. स्टुडिओवाल्याकडून तिनं फक्त आवाजाची ट्रॅक मागून घेतली, गिटार नाही, काही नाही. त्यातसुद्धा पंचम ऐकू येतो. धैवतावरून मध्यमावर येताना, दर वेळी. तिचाच आवाज आहे आणि तिनं लावलेला नाही. ती म्हणते, "आत्या, मला आता माझ्या गळ्यावरच भरवसा वाटेना."

---

मॉनिटरसमोर

आत्या, हे मी सांगू शकतो. मी हुबळीत रेकॉर्डिंगचं काम करतो, मूळ अथणीचा.

स्टुडिओवाल्यानं आवाजावर ऑटोट्यून लावलंय, शंभर टक्के. १९९७ ला आलेलं सॉफ्टवेअर, आता सगळेच वापरतात. त्याचं काम असं: गाणाऱ्याचा सूर पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मध्ये कुठं सापडला की त्याला ओढून जवळच्या पट्टीवर नेऊन बसवायचं. कुठल्या पट्ट्या चालतील हे आधी त्याला सांगावं लागतं. आता त्यानं काय सांगितलं असेल? गिटारवाल्याला विचारलं असेल, तो म्हणाला असेल ई मेजर.

आता भाचीची मींड बघा. कोमल धैवतावरून मध्यमावर, म्हणजे ई वरून सी शार्पवर. ती घसरत येते, वाटेत कुठं थांबत नाही. पण ई मेजरमध्ये त्या दोघांच्या मध्ये एक पट्टी आहे: डी शार्प. आवाज तिच्या जवळून गेला की सॉफ्टवेअर त्याला पकडून क्षणभर तिथं उभं करतं. तोच तुमचा पंचम. गंधारावरून सा वर येताना, बी वरून जी शार्पवर, मध्ये ए. तोच गुरुजींनी ऐकलेला रिषभ. मींडेची त्यानं पायरी केली. जितकं जोरात लावाल तितकी पायरी स्पष्ट.

तिला सांगा, गळा तिचा शाबूत आहे. तो स्वर तिनं कधीच लावला नाही, तो मशीननं लावला. आणि माझ्याकडून तुमच्या गुरुजींना नमस्कार सांगा. फोनच्या एवढ्याशा स्पीकरवर, गिटार आणि ठेक्याच्या आडून, मींडेतली पायरी ऐकणं सोपं नाही. माझ्या धंद्यातल्या भल्याभल्यांना ती ऐकू येत नाही.

---

पेटीचा भाता

__/\__

काय बोलू. पेटीला मींड नाही म्हणून तिला तीस वर्षं बाहेर उभं केलं, आणि आता गळ्यातलीच मींड काढून त्याची पेटी करतात.

---

सहा तारा

आत्या, आता दुरुस्तीचं. चार दिवस गिटार घेऊन बसलो होतो, जे सापडलं ते देतो. त्या मुलाला दाखवा.

तिचा सा जी शार्प, मध्यम सी शार्प. पाचवी तार ए ची, ती एक फ्रेट (म्हणजे पेटीची एक पट्टी) उतरव: जी शार्प, सा मिळाला. चौथी डी ची, तीही एक फ्रेट उतरव: सी शार्प, मध्यम मिळाला. तिसरी जी ची, एक फ्रेट चढव: वरचा सा. दुसरी बी तशीच, तो कोमल गंधार. पहिली ई तशीच, तो कोमल धैवत. सहावी जाड तार वाजवायचीच नाही, सगळा घोटाळा तिचाच. आता मोकळ्या तारा कशाही छेड, मालकंसाबाहेरचा स्वर निघत नाही, आणि खाली सा-मध्यम धरून राहतो.

कॉर्ड बदलायचे नाहीत. पॉपवाल्याला हे जड जाईल, आमची सगळी गंमत कॉर्ड बदलण्यातच असते. मग बदल कशात आणायचा? छेडण्याच्या जागेत. ब्रिजजवळ (तारा टेकतात तिथं) कडक, साउंडहोलवर मऊ, तळहात टेकवून बुजलेला. मला त्यात एक संध्याकाळ कशी गेली कळलं नाही. इतकी वर्षं वाजवतोय, एकाच सुरावर इतका वेळ कधी थांबलो नव्हतो.

---

भोपळा ते जवारी

मिरजेहून. आमच्याकडे तीन पिढ्या तंबोरे होतात. सहा तारा यांनी लिहिलेलं वाचून आनंद झाला, कारण मालकंसाला आम्ही तंबोरा असाच लावून देतो, पहिली तार पंचमाऐवजी मध्यमात. फ्रेट न दाबलेल्या मोकळ्या तारांचा फायदा असा की त्या मशीननं न लावता कानानं लावता येतात. सा-मध्यमात पेटी आणि तंबोऱ्याचा फरक दोन सेंटचा, नगण्य. गंधार-धैवताच्या तारा मात्र गाणारी सांगेल तशा लावाव्यात.

अॅपवरचा तानपुरा सरावाला ठीक. घरात जुना तंबोरा असेल तर बाहेर काढा.

---

वडगावची आत्या

उशिरा लिहितेय, माफ करा. गौरी-गणपतीची गडबड होती.

गेल्या रविवारी तिला म्हटलं, चल. ती, तो गिटारवाला मुलगा आणि मी, तिघं गुरुजींकडे गेलो. मुलगा गोव्याकडचा, मराठी तोडकी. गुरुजींच्या पाया पडायचं की नाही ह्या विचारात दारातच उभा. गुरुजी म्हणाले, "आत या, वाद्य उन्हात धरू नका."

मी त्यांना मॉनिटरसमोर यांचा प्रतिसाद वाचून दाखवला. त्यांनी सगळा ऐकला. मग भाचीकडे बघून म्हणाले, "म्हणजे तू लावला नव्हतास." ती मान हलवून गप्प. ते म्हणाले, "मी विचारायला हवं होतं." दहा वर्षांत त्यांच्या तोंडून असं वाक्य मी ऐकलं नव्हतं.

मुलानं तारा सांगितल्याप्रमाणे लावून आणल्या होत्या. त्यानं पाचवी आणि चौथी छेडली आणि गुरुजी सरसावून बसले. दुसरी छेडल्यावर म्हणाले, "हा गंधार चढलाय. उतरव." त्यानं खुंटी फिरवली. "अजून. फार नको. अजून केसभर." पोरगं गिटारच्या लाकडाला कान लावून खुंटी फिरवतंय, गुरुजी डोळे मिटून बोटानं खुणावताहेत, असं दहा मिनिटं चाललं. मग त्यांनी हात वर केला. भाचीनं सा लावला.

तासभर गायली ती. ठेका नव्हता, गुरुजींनी मांडीवर हातानं धरला. इंग्रजी ओळी आल्या तेव्हा मला धाकधूक झाली. त्यांना इंग्रजी येतं, मामलेदार कचेरीत नोकरी झालीय त्यांची. ओळी संपल्यावर त्यांनी फक्त विचारलं, शेवटच्या शब्दावर मध्यमावर थांबतेस तसं गंधारावर थांबून बघितलंस का? तिनं थांबून बघितलं. मग दोघं त्या एका शब्दावर बराच वेळ घुटमळत राहिले.

त्यांना हे सगळं पसंत पडलंय असं मी म्हणणार नाही. निघताना म्हणाले, ड्रमच्या मशीनबरोबर मला बोलावू नका. मंगळवारपासून ती क्लासला जातेय.

पुन्हा रेकॉर्ड करायचंय. मॉनिटरसमोर, तुमच्याकडे हुबळीला आलो तर चालेल का? कुठलंही ट्यूनिंग न लावता. आणि भोपळा ते जवारी, माझ्या आईचा तंबोरा माळ्यावर सापडला. भोपळ्याला बारीक चीर आहे, दोन खुंट्या सैल आहेत. दुरुस्त होईल का?

---

मॉनिटरसमोर

या. सकाळी लवकर या, रस्त्यावर रहदारी नसते. गिटार आणि तंबोरा एकाच खोलीत, दोन माईकवर घेऊ. ठेक्याचं मशीन आणू नका, खानापूरच्या दादांना विचारा.

---

खानापूरचा पाऊस

येतो. पखवाज की तबला, पोरीला विचारून सांगा. मालकंस आहे, पखवाज शोभेल असं मला वाटतं. खरं ती थांबेल तिथं मी थांबणार, हे आधीच सांगून ठेवतो.

---

भोपळा ते जवारी

चीर आतून सरस (चिकटवण्याचा) आणि कापड लावून भरता येते. खुंट्या नव्या घडवाव्या लागतील. चिरेचा एक फोटो उजेडात काढून टाका, आणि तंबोरा आणताना भोपळा वर करून मांडीवर धरा, गाडीच्या डिकीत घालू नका. जवारी (तारांचा झणकार) मी गंधार ऐकूनच काढीन, त्यामुळं भाचीला सोबत आणा.